बिऱ्हाडाच्या भिंती

भाड्याच्या घरात पाऊल टाकताच बिऱ्हाडकरूची नजर प्रथम जाते ती नळाकडे, मग ओट्याकडे, आणि सामानसुमान लागून गेल्यावर, सर्वांत शेवटी, भिंतींकडे. तेथे काय दिसते? आधीच्या बिऱ्हाडाने उपटून नेलेल्या खिळ्यांची भोके, दिनदर्शिकेच्या जागी उरलेला एक उजळ चौकोन, आणि दाराच्या आड कोणा मुलाची उंची दाखविणाऱ्या पेन्सिलीच्या आडव्या रेघा. कोणी तरी येथे राहून गेले, एवढे त्या भिंती सांगतात. नव्या बिऱ्हाडकरूला मात्र घरमालकाची पहिली सूचना मिळते ती हीच की, भिंतीला खिळा मारावयाचा नाही.

ही सूचना ऐकून पुष्कळ कुटुंबे भिंतींचा नादच सोडून देतात. स्वतःचे घर झाले म्हणजे पाहू, असे म्हणून हौस पुढे ढकलली जाते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली. तेव्हा ती टाळण्यासाठी करार अकरा महिन्यांचा करण्याची रूढी पडून गेली. अकरा महिने संपतात, पुन्हा अकरा सुरू होतात. बदलीची नोकरी असेल तर गावही बदलते. असे करता करता धाकटे मूल महाविद्यालयात जाऊ लागते. आणि ज्या दिवशी स्वतःचे घर होते, त्या दिवशी त्या घरात मुले नसतात. ज्या वर्षांत भिंतीवर काही असावयास हवे होते, ती वर्षे कोऱ्या चुन्याकडे पाहण्यात गेलेली असतात. हा तोटा कोणत्याही हिशेबाच्या वहीत मांडला जात नाही, म्हणूनच तो लहान वाटतो.

घरमालकाची बाजू अगदीच खोटी नाही, हेही कबूल केले पाहिजे. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात बोटभर खिळा ठोकावा तर हातभर पापुद्रा सुटून येतो. भाड्याने घेतलेली जागा घेतली तशीच परत करावी, नेहमीच्या वापराने होणारी झीज तेवढी क्षम्य, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम सांगते. बिऱ्हाडकरूने स्वतः बसविलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात. अट एवढीच, की जागा पहिल्यासारखी राहावी. २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांपुढे नमुना म्हणून जो भाडेकरारविषयक कायदा ठेवला, त्याच्या परिशिष्टात भिंतींची रंगसफेदी हे काम घरमालकाच्या वाट्यास दिले आहे, आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेऊ नये असे सुचविले आहे. नमुना स्वीकारणे न स्वीकारणे हे राज्यांच्या हाती. व्यवहारात मात्र घर सोडताना खिळ्यांची भोके मोजली जातात आणि अनामतीतून रक्कम कापली जाते, ही कटकट घरोघरी चालू आहे.

तेव्हा प्रश्न असा, की भिंत परक्याची असताना तिच्यावर आपल्या हातचे काही असावे ते कसे? या प्रश्नाचे उत्तर सजावटीच्या दुकानात मिळत नाही. ते आपल्या लोककलांपाशी मिळते. कारण ज्यांच्या भिंती दर पावसाळ्याला उखडत आणि दर दिवाळीला सारवल्या जात, त्या बायकांनी ते फार पूर्वीच शोधून ठेवले होते.

इंदूर-उज्जैनकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना माळव्यातील संजा नवी नाही. भाद्रपदातील श्राद्धपक्षाचे सोळा दिवस कुमारिका भिंतीवर शेणाच्या आकृती थापतात. एके दिवशी पाच कुंवारे, एके दिवशी सातिया म्हणजे स्वस्तिक, एके दिवशी आठ पाकळ्यांचे फूल, आणि अखेरीस मोठा किल्लाकोट. त्यांवर फुलांच्या पाकळ्या आणि चमकीचे कागद बसवितात, सायंकाळी गाणी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी कालची आकृती खरवडून काढून तेथे नवी मांडतात. काढलेले शेण टोपलीत साठते आणि शेवटी नदीत किंवा तळ्यात जाते. सतरावे दिवशी भिंत जशीच्या तशी! सोळा दिवसांची ही कला टिकावी अशी कोणाची अपेक्षाच नसते. सिमेंटची घरे आल्यावर बाजारात छापील कागदी संजा मिळू लागली; ती भिंतीला चिकटविली की काम झाले. हे सोयीचे खरे, पण यात मुलींच्या हाताला काय मिळाले? त्यापेक्षा एखाद्या जुन्या पाटावर किंवा लाकडी फळीवर शाडू थापून आकृती करावी आणि पाट भिंतीशी टेकवून ठेवावा. घरमालकास आक्षेप घेण्यास जागा नाही, आणि रोज मोडून रोज करण्याचा आनंदही हातचा जात नाही.

दुसरे उदाहरण बिहारचे आहे. पण त्यात एका मराठी माणसाचा हात आहे. मिथिलेतील स्त्रिया लग्नप्रसंगी कोहबर घराच्या, म्हणजे वधूवरांच्या खोलीच्या, भिंतींवर चित्रे काढीत. १९६६-६७ साली बिहारात भीषण अवर्षण पडले. शेती गेली, हाताला काम नाही, अशा वेळी पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन मधुबनीच्या खेड्यांत गेले, आणि जे भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, असा आग्रह त्यांनी त्या स्त्रियांना केला. प्रारंभी पुष्कळजणींनी संकोच केला. परंतु कागद हाती घेतल्यावर त्या चित्रांना पाय फुटले; ती दिल्लीस गेली, परदेशी गेली, आणि त्यांच्या मोबदल्यात घरात धान्य आले. पुढे वारली चित्रांचेही असेच झाले. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर लिहिला जाई, आणि तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा. १९७० नंतर जिव्या सोमा म्हशे यांनी ती रेषा कागदावर आणि कापडावर उतरविली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

याच कथेला एक खेदकारक उपकथा आहे. मिथिलेच्या थोर चित्रकर्त्री गंगादेवी यांनी कर्करोगाच्या उपचारासाठी दिल्लीत असताना तेथील हस्तकला संग्रहालयात एक संपूर्ण कोहबर घर भिंतींवर रंगविले. १९९१ साली त्या निवर्तल्या. २०१५ च्या सुमारास संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती चित्रेही गेली. त्यांनी कागदावर काढलेली चित्रे मात्र आज ठिकठिकाणी सुरक्षित आहेत. भिंतीवरचे चित्र हे भिंतीच्या मालकाच्या मर्जीवर जगते, ही गोष्ट बिऱ्हाडकरूइतकी दुसऱ्या कोणास कळणार?

बडोद्याकडील परंपरा या बाबतीत अधिक शहाणी म्हणावी लागेल. सौराष्ट्र-कच्छच्या स्त्रियांनी भिंत रंगविण्याऐवजी भिंतीची वस्त्रे शिवली. दारावर तोरण, त्याला खाली पानांसारख्या कापडी जिभा. भिंतीवर चाकळा, म्हणजे भरतकामाचा किंवा मण्यांचा चौरस पट. आणि मागील भिंतीच्या माथ्याशी आडवी लांब पछीतपाटी. पछीत हा शब्द मराठीतही घराच्या मागल्या भिंतीलाच आहे, हे येथे सहज आठवते. ही सारी वस्त्रे वधू माहेराहून घेऊन येई आणि सासरच्या भिंतीवर लावी. अनोळखी घर एका दिवसात ओळखीचे करण्याची ही युक्ती! बदली होऊन परगावी गेलेल्या कुटुंबाची स्थिती त्या वधूहून फारशी निराळी नसते.

चाकळा करणे अवघड नाही. हातभर चौरस जाड सुती कापड घ्यावे, त्यावर जुन्या साड्यांच्या काठांचे तुकडे शिवावे, मध्ये भरतकामाचे एखादे फूल किंवा मुलाने काढलेला पक्षी टाक्यांनी उतरवावा, मागे अस्तर लावावे आणि वरच्या काठास कापडाचे चार फासे शिवावे. त्या फाशांतून वेळूची कांब ओवली की पट ताठ राहतो. कांबेला सुतळी बांधून ती पडद्याच्या दांडीला, माळ्याच्या कठड्याला किंवा आधीच असलेल्या खुंटीला अडकवावी. वजन पावशेराच्या आतबाहेर. खिळ्याची गरजच उरत नाही.

हैदराबादेत राहणाऱ्यांनी चेरियाल गावचे पट अवश्य पाहावे. खादीवर चिंचोक्यांची खळ, तांदळाची पेज आणि पांढरी माती यांचे थर देऊन, तांबड्या भूमीवर त्यांत कथा रंगविलेल्या असतात. गावोगाव फिरणारे कथेकरी हे पट घेऊन हिंडत. कथा सांगून झाली की गुंडाळून पुढल्या गावी. जो पट मुळातच वाटचालीसाठी जन्मला, तो बदलीच्या माणसाला मानवणारच. बेळगाव-धारवाडकडे इरकली लुगड्यांवर कशिदा काढतात. त्यातील गवंती आणि मुरगी हे टाके असे, की कापड उलट असो वा सुलट, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. एकाच खोलीचे दोन भाग करण्यासाठी जेथे मध्ये पडदा लावावा लागतो, तेथे याहून योग्य वस्त्र कोणते? विटलेल्या लुगड्याचा पदर या कामी पुरतो. गोव्यातील कावीचे काम मात्र ओल्या गिलाव्यावरच व्हावयाचे; वरचा तांबडा थर कोरून खालचा पांढरा चुना दाखवावयाचा असतो. ते बिऱ्हाडकरूच्या आवाक्यातले नव्हे. पण पांढऱ्या पुठ्ठ्यावर तांबडा कागद कातरून चिकटविला तर त्या नक्षीची आठवण घरात राहते.

कागदाच्या कामाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण हौसेचा विरस बहुधा येथेच होतो. मैद्याची खळ शिजविताना तीत चिमूटभर मोरचूद घालण्याची पुस्तक बांधणाऱ्यांची रीत आहे. त्याने कसर आणि झुरळे दूर राहतात. मोरचूद विषारी असते, तेव्हा खळीचे भांडे स्वयंपाकाचे नसावे आणि लहान मुलांच्या हाती लागू नये. चित्र काचेत घालावयाचे तर ते काचेला टेकता कामा नये. दोहोंत पुठ्ठ्याची चौकट असावी, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात रंग काचेला धरतो आणि सोडविताना अर्धे चित्र काचेवरच राहते. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवावे. भिंत आणि चित्र यांमध्ये हवा खेळती राहते. कोकण-गोव्यासारख्या पावसाच्या मुलखात बाहेरच्या भिंतीला, आणि जेथे लोणा लागला आहे तेथे, कागद लावूच नये. तेथे कापड बरे. ते उन्हात घालता येते.

अलीकडे मिळणाऱ्या दुतर्फा चिकटणाऱ्या पट्ट्यांवर पुष्कळांचा भरवसा आहे. गुळगुळीत तैलरंगावर त्या ठीक काम करतात; पण साध्या डिस्टेंपरवरून ओढल्या की रंगाचा पापुद्रा घेऊनच येतात, आणि मग खिळा परवडला असे म्हणण्याची पाळी येते. भिंतीला न लागता उभे राहणारे काही असेल तर ते सर्वांत उत्तम. एक लांब फळी दोन विटांवर ठेवून तीवर चित्रे भिंतीशी टेकविली तर खर्चही नाही आणि भांडणही नाही. चित्र मांडताना उंचीचा विचार बहुतेक जण विसरतात. संग्रहालयात उभ्याने पाहावयाचे असते, म्हणून चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर ठेवतात. आपल्या घरात माणसे सतरंजीवर नाही तर दिवाणावर बसतात. त्यांच्यासाठी चित्र खाली यावयास हवे. चित्रे छताच्या जवळ टांगण्याची आपल्याकडील रीत देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरींकरिता असेल; मुलाने काढलेल्या बोकडाला ती लागू करण्याचे कारण नाही.

आणि मुलांची चित्रे लावावी, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. विकत आणलेले छापील चित्र कितीही देखणे असो, त्याच्याकडे घरातील कोणी आठ दिवसांनी पाहत नाही. पण स्वतःच्या हातचा चाकळा वाकडा लागला तर सारे घर उठून तो सरळ करते. दोन वर्षांपूर्वीचा बोकड उतरवून यंदाचा लावावा की नाही, यावर जेवताना वाद होतो.

घर सोडण्याचा दिवस येतो तेव्हा या साऱ्यांना अर्धा तास पुरतो. कांब फाशांतून काढावी. पट आतल्या बाजूने नव्हे, तर नक्षी बाहेर ठेवून गुंडाळावा. म्हणजे टाक्यांना सुरकुती पडत नाही. मध्ये जुने धोतर घालावे. कागदी चित्रे दोन पुठ्ठ्यांत बांधावी. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने गाव आणि साल लिहावे: इंदूर, बडोदे, बेळगाव, जे असेल ते. एखादा खिळा मारलाच असेल तर चिमूटभर प्लास्टर ऑफ पॅरिस भिजवून भोक बुजवावे, वाळल्यावर कागदाने घासावे, आणि मग घरमालकास किल्ली द्यावी. नव्या गावी सामानाची गाडी रिकामी होते तेव्हा भांड्यांची पोती दुसऱ्या दिवशी सोडली तरी चालतात. पटाची गुंडाळी मात्र पहिल्याच संध्याकाळी सोडावी, दिवा लागण्याच्या आत, म्हणजे मुलांना कोणत्या खोलीत निजावयाचे ते विचारावे लागत नाही.