नाबोथाच्या बाजूने कोण?
(मिशनच्या वार्षिक सहायक मेळाव्यातील भाषण)



1 राजे, अध्याय 21 मधील नाबोथाची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. अहाब राजा मळ्याची किंमत द्यायला तयार होता, पण ते वाडवडिलांचे वतन होते म्हणून नाबोथाने नकार दिला. त्यापायी त्याचा जीव गेला आणि मळाही गेला. तेव्हा परमेश्वराने एलीयाला कोणाकडे पाठवले? थेट राजाकडे.

आपल्यातील काही जण मला विचारतात, "ताई, औषधे, कपडे, वसतिगृह हे मिशनचे काम. कायदा आणि सरकारदरबार कशाला?" याचे उत्तर मी अमेरिकेतील क्वेकर मंडळींच्या अनुभवातून देते.

क्वेकर हा 17व्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला लहानसा पंथ. शांत बसून उपासना करणारा आणि युद्धाला नकार देणारा. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, 1943 मध्ये, त्यांनी वॉशिंग्टनला 'फ्रेंड्स कमिटी ऑन नॅशनल लेजिस्लेशन' हे कार्यालय उघडले. ही समिती कोणत्याही पक्षाचा प्रचार करत नाही. कोणत्या प्रश्नांवर बोलायचे यावर गावोगावच्या मंडळ्या दर दोन वर्षांनी प्रार्थनापूर्वक विचार करतात, आणि सभासद स्वतः आपल्या खासदारांना भेटतात.

पण मला सांगायची आहे ती त्याहून जुनी गोष्ट. 1794 मध्ये अमेरिकन सरकारने सेनेका आणि त्यांच्या सोबतच्या मूलनिवासी जमातींशी कॅनन्डेग्वा येथे करार केला. जमिनीला हात लावणार नाही, असे वचन दिले. मूलनिवासींच्या विनंतीवरून फिलाडेल्फियाचे चार क्वेकर तेथे साक्षीला हजर होते.

पुढे पिट्सबर्ग शहराला पुरापासून वाचवण्यासाठी अ‍ॅलेगेनी नदीवर किंझुआ धरण ठरले. सेनेकांची सुमारे 10,000 एकर जमीन बुडणार होती. ते कोर्टात हरले. तेव्हा क्वेकरांना आपल्या वाडवडिलांची साक्ष आठवली. त्यांनी पत्रके छापली, वॉशिंग्टनला जाऊन बाजू मांडली आणि आपला माणूस सेनेकांमध्ये राहायला पाठवला. अभियंता आर्थर मॉर्गन यांनी दुसरी जागाही सुचवली. तरी 1961 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी धरण थांबवण्यास नकार दिला. 1965 मध्ये धरण पूर्ण झाले. सुमारे 600 माणसे उठली, कबरीसुद्धा हलवाव्या लागल्या.

मग सगळे व्यर्थ गेले का? हरल्यावरही क्वेकरांनी सेनेकांची साथ सोडली नाही. नुकसानभरपाई आणि पुनर्वसनासाठी झगडा चालू राहिला, आणि 1964 मध्ये काँग्रेसने सुमारे दीड कोटी डॉलर मंजूर केले. बुडालेल्या गावाची ती किंमत नव्हे, हे सेनेकाही जाणून होते. पण त्यांना एकटे सोडले गेले नाही.

याच क्वेकरांची एक चूकही सांगते, कारण ती आपल्यालाही लागू आहे. 19व्या शतकात त्यांनी मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. हेतू चांगला होता, पण तेथे मुलांची भाषा आणि रीतिरिवाज तोडले गेले. आज त्यांची तीच समिती अशा शाळांचे सत्य बाहेर आणणारा आयोग नेमावा म्हणून काँग्रेसकडे कायदा मागत आहे. दुसऱ्यासाठी न्याय मागणाऱ्याने आपला कबुलीजबाबही द्यावा लागतो.

प्रियजनहो, आपल्या पाड्यांवर 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे आहेत. एखाद्या आजीचा दावा फेटाळला गेला, तर नुसते ब्लँकेट देऊन आपली सेवा पूर्ण होते का? तिच्यासोबत ग्रामसभेत बसा. अपील लिहायला मदत करा. पण तिच्याऐवजी बोलू नका, तिच्या बाजूला उभे राहा. आणि आपल्या वसतिगृहातील मुलांना त्यांच्या बोलीत प्रार्थना करू द्या.

आपण जिंकूच असे मी सांगत नाही. नाबोथाचा मळा परत मिळाला नाही. पण एलीया गप्प राहिला नाही. प्रभू आपल्याला तेवढे धैर्य देवो. आमेन.