खडबडीत भिंती आणि खाणीतील वारा

जमिनीखाली शेकडो हात खोल कोळसा खणणाऱ्या माणसाला श्वासापुरती हवा आपोआप मिळत नाही. खाणीच्या तोंडाशी बसविलेला पंखा ती खेचून आणतो. गोदावरीच्या खोऱ्यातील सिंगरेणीच्या भूमिगत खाणी घ्या किंवा इंग्लंडातील जुन्या खाणी घ्या, हवेला लांबच लांब बोगद्यांतून वाट काढावी लागते. आणि त्या वाटेच्या भिंती म्हणजे सुरुंगाने फोडलेला ओबडधोबड दगड. भारतातील कोळसा खाणींच्या नियमावलीप्रमाणे दर माणशी मिनिटाला निदान ६ घनमीटर हवा पोहोचली पाहिजे. वाटेत ती किती अडते, हा प्रश्न म्हणूनच केवळ पुस्तकी नव्हे.

हवेसारखी विरळ वस्तू भिंतीला अडते, याचे प्रथम नवल वाटते. १८८३ साली मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी काचेच्या नळीतून पाणी सोडून त्यात रंगाची एक बारीक धार मिसळली. वेग कमी असता ती धार सुतासारखी सरळ राहिली. वेग वाढविताच ती एकाएकी विसकटली आणि सारी नळी रंगून गेली. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून एक संख्या काढता येते. ती सुमारे २,३०० च्या पुढे गेली की प्रवाहात खळबळ माजू लागते. चार मीटर रुंदीच्या बोगद्यात सेकंदाला तीन मीटर वेगाने वारा वाहत असेल, तर ती संख्या आठ लाखांच्या घरात जाते. खाणीतला वारा संथ असा क्वचितच असतो.

अशा प्रवाहात भिंतीचा खडबडीतपणा काय करतो, हे योहान निकुराड्झे यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे अतिशय चिकाटीने शोधले. चाळून एकसारखे केलेले वाळूचे कण त्यांनी नळ्यांच्या आतून लाखरोगणाने चिकटविले. कणांचा आकार नळीच्या व्यासाच्या तिसाव्या हिश्शापासून हजाराव्या हिश्शापर्यंत ठेवला, आणि त्यांतून पाणी सोडून १९३३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवाह संथ असता वाळूची नळी गुळगुळीत नळीसारखीच वागते. वेग पुरेसा वाढला, की भिंतीलगतचा संथ थर इतका पातळ होतो की कण त्यातून डोके वर काढतात. प्रत्येक कणामागे भोवरे उठतात व पंख्याची शक्ती त्यांत खर्ची पडते. मग चिकटपणाला महत्त्व उरत नाही; व्यासाच्या मानाने कण केवढा, एवढेच पाहावे लागते.

खाणीतील व्यवहार याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. विवराच्या तळाशी भट्टी पेटवून तापलेली हवा वर चढविण्याच्या त्या काळात, १८५४ मध्ये, जॉन जॉब ॲटकिन्सन यांनी हिशेब मांडला, की हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होतो. त्याच बोगद्यातून दुप्पट हवा हवी असेल तर दाब चौपट लागतो आणि शक्ती आठपट. रुंदीचा परिणाम याहूनही कठोर आहे. पडलेला दगड आणि सरकलेले टेकू यांमुळे वाट सर्व बाजूंनी एकदशांशाने आकसली, तर तेवढ्याच हवेसाठी सुमारे ७० टक्के अधिक दाब लागतो. काँक्रीटचे अस्तर दिल्यास विरोध निम्म्याहूनही खाली येतो. पण सगळ्या वाटांना अस्तर देणे कोणत्या खाणीला परवडेल? मुख्य वाटा तेवढ्या गुळगुळीत करतात, आणि ते योग्यच आहे.

मात्र या खळबळीला शत्रूच मानणे चूक होईल. नवा बोगदा जेथे संपतो, तेथे वाट पुढे बंद असते. तेथे कापडी नळातून हवेचा झोत सोडतात. तो पुढे जाताना आजूबाजूची हवा ओढून घेत रुंदावतो व मंदावतो, आणि परतणारी हवा खडबडीत भिंतींना घासत मागे येते. नळाचे तोंड फार मागे राहिले, तर झोत टोकापर्यंत पोहोचत नाही. तेथे कोळशातून निघणारा मिथेन वायू हवेहून हलका असल्याने छताशी थर धरून बसतो. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एका ठिणगीने स्फोट होतो. तो थर फोडून विरळ करण्याचे काम वाऱ्याच्या भोवऱ्यांचेच असते. म्हणून काम जसजसे पुढे सरकते, तसतसा नळाला नवा तुकडा जोडावा लागतो, आणि छताशी वायुमापक धरून पाहिल्याशिवाय पुढची पाळी आत सोडता येत नाही.