रणांगणावरचा सैनिक आणि मागे राहिलेले घर



संयोजकांनी मला विषय दिला तो युद्धकाळातील समाजाच्या जबाबदारीचा. विषय मोठा आहे आणि मी काही युद्धशास्त्राचा अभ्यासक नाही. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. रणगाडा मी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या चित्रातच पाहिला. पण युद्ध सुरू झाले म्हणजे सैनिकाच्या घरात काय होते, ते मी तेराव्या वर्षी आमच्याच घरात पाहिले आहे. त्यामुळे आज बोलणार आहे ते घराविषयी.

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण समोर विद्यार्थी बसले आहेत. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई आपणा सर्वांना माहीत आहे. तेथील स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत आणि १९२७ च्या १ जानेवारीला परमपूज्य बाबासाहेब तेथे गेले होते, हेही आपण दरवर्षी ऐकतो. आपण कमी बोलतो ते त्यानंतरच्या गोष्टीविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांनी राज्य मिळवून दिले त्यांनाच दार लावले गेले. नोकरी तर गेलीच, पण त्याहून मोठे नुकसान शिक्षणाचे झाले. लष्करातील शिपायांच्या मुलामुलींना छावणीच्या शाळेत शिकावे लागे. सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेने दाराबाहेर बसविलेल्या समाजाला अक्षर मिळाले ते छावणीत. भरती थांबली तेव्हा अक्षराची ही वाटही बंद झाली.

गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठविले. दार उघडले ते महायुद्धाने. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. दुसरे महायुद्ध आले. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. आज या रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे आणि तिच्यात देशाच्या निरनिराळ्या समाजांतील जवान आहेत. श्रीलंकेत १९८७ मध्ये धारातीर्थी पडलेले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे अधिकारी होते.

त्याच १९४१ सालच्या फेब्रुवारीत, म्हणजे पलटण उभी राहण्याच्या अवघे सात महिने आधी, आज आपल्या धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे बाबासाहेब आले होते. परिषद होती महार-मांग वतनदारांची. एका बाजूला गावाला जखडून ठेवणारे वतन आणि दुसऱ्या बाजूला गावाबाहेर नेणारी पलटण, असे ते वर्ष होते. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात. आमचे वडीलधारे सांगत की, इकडच्या पोराला इंग्रजी फौजेत जायचे तर आधी बार्शीची हद्द गाठावी लागे. हद्द ओलांडायला पायांना फार तर अर्धा दिवस लागे. घरच्यांचे मन मात्र वर्षभर तयार होत नसे, कारण वतनाचे काम करणारा एक माणूस घरातून कमी झाला की त्याची पाळी भावाच्या अंगावर पडे. तेव्हा सैनिकाला घरचा आधार ही गोष्ट काही रेडिओवरच्या आवाहनाने सुरू झालेली नाही. पहिला आधार त्या भावाने दिला आहे आणि त्याचे नाव कोणत्याही स्तंभावर नाही.

आता १९७१ कडे येतो.

आमचे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू, पलटणीत होते. परंडा तालुक्यातील आमच्या लहानशा वस्तीतून तेव्हा तिघेजण लष्करात होते. तात्या त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास रजेवर आले आणि आठ दिवसांत तार आली. रजा रद्द. सगळी वस्ती त्यांना एस. टी. पर्यंत पोचवायला गेली. माझे वडील पुढे कुर्डुवाडीच्या स्टेशनापर्यंत गेले. नानीने, म्हणजे चुलतीने, बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. रडली मात्र नाही. माझी आजी, तात्यांची आई, तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिने तात्यांच्या तोंडावरून हात फिरविला आणि "पत्र लिही" एवढेच म्हणाली. तिला वाचता येत नव्हते.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले. ग्रामपंचायतीचा रेडिओ होता. एरवी आमची माणसे त्या ओट्यापासून चार हात लांब उभी राहून बातम्या ऐकत. त्या दिवसापासून कोणीतरी म्हणाले, "या, वर बसा, तुमची पोरं आहेत तिकडं." चौदा दिवस आम्ही त्या पायऱ्यांवर बसून बातम्या ऐकल्या. १६ डिसेंबरला ढाक्याची शरणागती जाहीर झाली, पेढे वाटले गेले, आम्हालाही मिळाले. महिनाभरात पायऱ्या पुन्हा त्यांच्या झाल्या. कोणी हाकलले नाही, पण आमचे आम्हीच खाली उतरलो. असो.

लढाई सुरू होताच पहिली अडचण आली ती मनिऑर्डरची. पैसे येईनात. वाण्याने उधारी थांबविली नाही, पण पहिल्यासारखा बोलेना. तेव्हा माझ्या आईने पुढाकार घेतला. वस्तीतील प्रत्येक घराने तिन्ही सैनिकांच्या घरांसाठी आठवड्याला मापटेभर ज्वारी द्यावी, असे तिने बायकांच्या बैठकीत मांडले. यावर एक बाई उठून म्हणाली, आणि तिचे म्हणणे मला आजही चुकीचे वाटत नाही, "त्यांचा माणूस सरकारी पगार खातो. माझा रोजानं जातो. त्याला काम मिळालं नाही तर कोण मला मापटं देतं?" बैठक गप्प झाली. आई म्हणाली, "दान मागत नाही बाई. उसनं मागते. मनिऑर्डर आली की माघारी." मग दाराच्या चौकटीवर कोळशाने रेघा ओढायचे ठरले. जितकी मापटी आली तितक्या रेघा. फेब्रुवारीत एकेक रेघ पुसली गेली आणि ज्या बाईने विचारले होते तिला नानीने एक मापटे जास्त दिले, कारण तिच्या नवऱ्याला त्या महिन्यात खरोखरच काम नव्हते. दया दाखविली असती तर त्या बाईचा आणि नानीचा, दोघींचाही मान गेला असता. उसनवारीने दोघी बरोबरीच्या राहिल्या.

ज्वारीची राखणही वाटून घेतली. तात्यांचे दोन एकर कोरडवाहू, पीक हुरड्यात येऊ लागलेले आणि पाखरांचे थवे. शाळा सुटल्यावर आम्ही पोरे माळ्यावर चढून गोफण फिरवीत असू. हे काम आनंदाचे होते, त्यात त्याग वगैरे काही नव्हता.

माझ्याकडे दुसरे काम होते ते पत्रे लिहिण्याचे. आठवीत होतो, अक्षर बरे होते. तिन्ही घरांची पत्रे मी लिहीत असे आणि आलेली वाचून दाखवीत असे. पत्त्यात गावाचे नाव नसे, नुसता नंबर आणि ५६ ए. पी. ओ. माणूस कोठे आहे ते कोणालाच माहीत नाही आणि तरी पत्र पोचते, याचे नानीला फार आश्चर्य वाटे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजी वारली.

रात्री घरात बैठक बसली. तात्यांना कळवायचे की नाही? वडील म्हणाले, कळवायचे नाही. लढाई चालू आहे, रजा मिळणार नाही, नुसते चित्त विचलित होईल आणि तेथे चित्त विचलित होणे म्हणजे जीव जाणे. वस्तीतील जाणत्यांचेही तेच मत पडले. एकटी आई विरुद्ध होती. ती म्हणाली, "आज लपवाल. पण उद्या त्यांना कळलं, की मग तुमचं कुठलं पत्र ते खरं मानतील?" बाईमाणसाचे बोलणे म्हणून ते तेथेच राहिले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी सांगितले तसे मी लिहिले, "आईची तब्येत बरी आहे. तुमची आठवण काढते."

धम्मबांधवांनो, वंदनेच्या वेळी पंचशील आम्ही रोज म्हणत होतो. त्यातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, हे मला ठाऊक होते. वडिलांनाही ठाऊक होते. त्यांनी ते खोटे प्रेमापोटी सांगितले यात शंका नाही आणि त्यांना दोष देण्याइतका मी मोठा नाही. पण झाले काय ते सांगितले पाहिजे.

तात्या फेब्रुवारीत आले. घरात शिरले आणि आजीचे अंथरूण होते तो कोपरा रिकामा पाहिला. वडिलांशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला शेतात घेऊन गेले आणि खिशातून ते पत्र काढले. "अक्षर तुझंच हाय ना रं?" मी मान हलविली. ते म्हणाले, "म्हातारी जाणार, हे जातानाच मला दिसत होतं. मी तिकडं रोज तिला मनातनं निरोप देत होतो. तुझं पत्र आलं आन् म्हटलं, बरी झाली. मग तिच्यासाठी लुगडं घेतलं." ते लुगडे पिशवीत होते. नंतर ते नानीने नेसले नाही, कोणीच नेसले नाही.

याचा परिणाम पुढच्याच वर्षी दिसला. १९७२ चा दुष्काळ आला. ज्या ज्वारीची आम्ही राखण केली होती तिचे धाटसुद्धा त्या वर्षी उगवले नाही. नानी खडी फोडायला जात होती. पण आम्ही पत्रात लिहीत होतो की सुकडी मिळते, काम मिळते, सर्व ठीक आहे. यातले बरेचसे खरेच होते. तरी तात्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आमच्या शाळेच्या गुरुजींना वेगळे पत्र टाकून विचारले, माझ्या घरी खरे काय आहे ते कळवा. सीमेवरच्या माणसाला आपल्या घरची खबर परक्याकडून विचारावी लागली. आईचे बोलणे असे खरे ठरले.

आता आजची परिस्थिती. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर चकमकी सुरू झाल्या तेव्हा रजेवरच्या जवानांना परत बोलावणे आले. महाराष्ट्रात हळदीच्या अंगाने नवरदेव निघाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. आता पत्राची वाट पाहावी लागत नाही, प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पण त्या चार दिवसांत फोनवरून किती खोट्या चित्रफिती फिरल्या! आमच्या शेजारच्या घरातली सून दोन रात्री झोपली नाही, कारण कोणीतरी भलत्याच देशातला जुना स्फोट तिला पाठविला होता. ज्याने पाठविला तो आपल्याच वस्तीतला आणि त्याचा हेतू देशभक्तीचा! विद्यार्थी मित्रांनो, अशा वेळी सैनिकाच्या घरी जाऊन पाण्याची घागर भरून दिलीत तरी चालेल, पण तो फोन थोडा बाजूला ठेवा.

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी आहेत, त्या कोणी व्यासपीठावरून सांगत नाही म्हणून मी सांगतो. सैनिकाचे लग्न आणि मुलांचे जन्म त्याच्या पलटणीच्या दप्तरात नोंदलेले असावे लागतात. त्याला लष्करात 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. आपल्याकडे मुलीचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे आणि जन्मतारीख अंदाजाची. माणूस हयात असेपर्यंत चालते. तो गेल्यावर निवृत्तिवेतनाचा कागद याच नावावर अडतो आणि विधवेला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. हे कागद युद्ध सुरू होण्याआधी, माणूस रजेवर घरी असतानाच पाहून घ्यावे लागतात. दुसरे असे की, सैनिक युद्धाच्या कामावर असताना त्याच्या माघारी कोर्टात दावा पुढे रेटला जाऊ नये यासाठी १९२५ सालापासून कायदा आहे. जिल्हाधिकारी कोर्टाला तसे कळवू शकतात आणि दावा स्थगित राहू शकतो. बांधाच्या भांडणात कितीजणांनी सैनिक घरी नसल्याची संधी साधली असेल! हा कायदा आमच्या वस्तीत १९७१ साली एकालाही माहीत नव्हता, मलाही निवृत्तीनंतर कळला.

२०२२ पासून अग्निपथ योजनेतून भरती होते. चार वर्षांनी बहुतेक मुले परत येतात, त्यांना निवृत्तिवेतन नाही. ही योजना चांगली की वाईट यावर येथे मतभेद असतील, माझेही एक मत आहे. परंतु चार वर्षांनी घरी आलेल्या पंचविशीच्या मुलाकडे वस्ती कोणत्या नजरेने पाहते, हे योजनेत लिहिलेले नाही. ते आपल्या हातात आहे.

७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. शाळेत आम्ही निधी जमा करीत असू आणि बिल्ला छातीला लावीत असू. निधी जरूर द्या. मात्र पावती घेऊन थांबू नका. आपल्या तालुक्यातील सैनिकांच्या घरांची यादी या संस्थेकडे नाही, हे मी अध्यक्षांना आजच विचारले.

ती यादी करण्यासाठी पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच सभागृहात बसणार आहे. दहावी-बारावीची अक्षर चांगले असलेली पाच-सहा मुले-मुली मला हवीत. ज्यांच्या घरचे कोणी लष्करात आहे किंवा होते, त्यांनी डिस्चार्ज बुक, बँकेचे पासबुक, आधार कार्ड, लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले बरोबर आणावेत. दाखला नसेल तरी यावे.

जयभीम.