लेन्स बसते, मग 'पी' का चालत नाही?

डोंबिवलीच्या एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आलाय. बाबांचा निकॉन एफ80 कपाटातून बाहेर निघालाय आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेला तिला तो फडके रोडवर न्यायचाय. पण मोड 'पी'वर ठेवला की डिस्प्लेवर 'एफ ई ई' अशी तीन अक्षरं लुकलुकतात, बटण दाबलं तरी फोटो निघत नाही. ठाण्यातला एक दुकानदार म्हणाला, सर्किट गेलंय, दुरुस्तीला टाका.

अगं थांब, टाकू नकोस! ती दुरुस्तीची 'फी' नाहीये. तुझ्या 50 एमएम ऑटोफोकस लेन्सवर ॲपर्चरची रिंग आहे ना? ती केशरी आकड्यावर, म्हणजे 22 वर फिरव आणि बाजूचं छोटं लॉक लाव. आधी एवढं करून बघ.

असं का? 'पी' म्हणजे प्रोग्रॅम. शटर किती वेळ उघडायचं आणि लेन्सचं भोक किती मोठं ठेवायचं, दोन्ही कॅमेराच ठरवणार. रिंग 8 वर ठेवलीस तर भोक त्याहून लहान करायची सोयच उरत नाही. 22 वर ठेवलीस की त्याला सगळं रान मोकळं.

जुन्या कॅमेऱ्यांत ही भानगड प्रत्येक कंपनीची वेगळी. 1978 च्या कॅनन ए-1 मध्ये एफडी लेन्सची रिंग हिरव्या 'ए'वर ठेवायची, विषय संपला. पेंटॅक्समध्ये मात्र गंमत आहे. कल्याणहून एकाने विचारलंय की त्याच्या सुपर-ए बॉडीवर जुनी 'एम' लेन्स घट्ट बसते, मग प्रोग्रॅम का नाही? कारण माउंट तोच असला तरी 1983 पासून आलेल्या 'ए' लेन्सला बारीक विजेचे संपर्कबिंदू आहेत आणि रिंगवर 'ए' ही जागा आहे. 'एम'वर यातलं काहीच नाही, त्यामुळे भोक किती ठेवायचं हे बॉडी ठरवू शकत नाही.

"मग विकून टाकू का?" मुळीच नको! शटरची डायल ऑटोवर ठेव, ॲपर्चर स्वतः निवड, वेळ कॅमेरा ठरवेल. मला विचाराल तर शिकायला हेच बरं. प्रोग्रॅममध्ये बोट दाबण्यापलीकडे आपण करतो काय?

आता मैत्रिणीचा दुसरा प्रश्न. मामाकडची जुनी मॅन्युअल निकॉन लेन्स एफ80 वर चालेल का? आधी तिचं वय बघ. 1977 च्या एआय बदलाआधीची, न बदललेली लेन्स एफ80 वर जबरदस्तीने बसवायची नाही, बॉडीचं नुकसान होऊ शकतं. एआय असेल तर बसेल, पण एफ80 चा मीटर तिच्यासोबत चालत नाही. 'पी' तर सोडाच, फक्त 'एम'मध्ये शटर चालेल.

मीटर तुझ्या खिशातच आहे की! फोनवर लाइट मीटरचं ॲप घे, आयएसओ रोलवरचा टाक आणि आलेले आकडे कॅमेऱ्यावर लाव. 200 चा रोल आणि लख्ख ऊन असेल तर ॲपर्चर 16, शटर साधारण 1/250. लेझीम पथक इमारतीच्या सावलीत शिरलं की पुन्हा मोज. 36 फोटोंचा रोल आहे, ढोल-ताशापर्यंत पुरव.