प्रकाशाची साक्ष



२०२१ सालच्या एप्रिलमध्यें करोनाच्या तापानें मी अंथरुणावर पडलों होतों. सूनबाईनें बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला. आंकडा उमटला ८८. मी म्हणालों, ‘यंत्र बिघडलें असेल, मला धापसुद्धां लागलेली नाहीं.’ तिनें माझें ऐकलें नाहीं, म्हणूनच आज आपल्याशीं बोलत आहें.

त्या चिमट्यांत तांबडा व अवरक्त असे दोन प्रकाश असतात. प्राणवायूनें भरलेलें रक्त आणि रितें रक्त त्यांना निरनिराळ्या प्रमाणांत शोषतें. त्यावरून आंकडा मिळतो. पण शरीराला स्वतःला ही उणीव कशी कळते? ह्याचा मागहि प्रकाशानेंच लागला.

बर्लिनमधील डालेम येथें ऑटो वारबुर्ग यांनीं १९२६ सालीं यीस्टच्या पेशींना अंधारांत कार्बन मोनॉक्साइड दिला. हा विषारी वायु प्राणवायूची जागा अडवून बसतो. पेशींचें श्वसन मंदावलें. दिवा लावतांच तें पुन्हां वाढलें! प्रकाशानें त्या घुसखोराला हुसकून लावलें होतें. मग त्यांनीं एकेका रंगाचा प्रकाश टाकून कोणता किती प्रभावी ठरतो हें मोजलें. पदार्थ जो रंग शोषतो, तोच त्यावर कार्य करतो. म्हणून पेशींतून वेगळें काढतां न आलेल्या त्या श्वसन-एन्झाइमाची जणूं सहीच हातीं आली. तें रक्ताच्या लाल रंगाप्रमाणेंच लोहयुक्त हीम-जातीचें निघालें. १९३१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या मानेंतील मुख्य रोहिणीला जेथें दोन फांटे फुटतात, तेथें तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड आहे. रक्तांतील प्राणवायु घटला कीं तो मेंदूला वर्दी देतो. १९९४ सालीं फिलाडेल्फियांतील विल्सन, लाहिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांजराच्या ह्या पिंडावर वारबुर्ग यांचीच युक्ति योजल्याचें प्रसिद्ध केलें. अंधारांत कार्बन मोनॉक्साइड देतांच मज्जातंतूंतून संदेशांचा भडिमार सुरू झाला. प्रकाश पडतांच तो ओसरला. रंगांचा हिशेब जुळला तो त्याच श्वसन-एन्झाइमाशीं! पेशींत प्राणवायु वापरणारा तोच पहारेकरीहि, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावरील वाद मात्र मिटलेला नाहीं.

मग मला धाप कां लागली नाहीं? धाप लागते ती मुख्यतः कर्बवायु सांचल्यानें. तो बाहेर पडत राहिला, तर प्राणवायु उतरूनहि मनाला धोका जाणवत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांना विनंति : ‘मला कांहीं होत नाहीं’ ही आपली साक्ष पुरेशी मानूं नये. सून चिमटा घेऊन आली, तर निमूटपणें बोट पुढें करावें.