जिप्सीचं पाणी का उकळतं?



मे महिन्यात आमच्या चंद्रपुरात दुपारचा पारा ४५-४६ अंशांवर असतो. एखाद्या दिवशी ४७ सुद्धा ओलांडतो. नेमक्या त्याच उन्हात ताडोबाच्या मोहर्ली दरवाजातून दुपारच्या फेरीच्या जिप्सी आत सुटतात. उघडी गाडी, मागे सहा पर्यटक, पुढे चालक आणि गाईड. आत ताशी वीस किलोमीटरच्या वर जायचं नाही. वाघ दिसला की गाडी उभी करायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे गाडीतून खाली पाय ठेवायचा नाही. अशा वेळी बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली, तर त्या चालकाने करायचं काय?

माझं चंद्रपुरात छोटं गॅरेज आहे. अशा टोचन करून आणलेल्या जिप्सी मी बऱ्याच पाहिल्या आहेत. चालक खाली उतरतो आणि एकच वाक्य बोलतो, "भाऊ, गाडी तापून रायली." आणि त्यावरचा उपायही तो मनाशी ठरवूनच आलेला असतो. मोठा रेडिएटर टाकून द्या. याच समजुतीबद्दल आज बोलायचं आहे, कारण कधी काळी मीही असाच विचार करत होतो आणि त्यात एका माणसाचा हंगाम बुडाला.

जिप्सी १९८५च्या अखेरीस आली तेव्हा तिचं इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ साली १.३ लिटरचं आलं, २००० साली त्याला एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल सोडणारी यंत्रणा, मिळाली. गाडी आता कंपनीने बंद केली आहे, पण आमच्या भागात ती अजून पोटापाण्याचं साधन आहे. वजनाला हलकी, वळायला सोपी, दुरुस्तीला सरळ. तिचा पंखा फॅन बेल्टवर चालतो, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच पंखा फिरणार. हे लक्षात ठेवा. हमरस्त्यावर गाडी ताशी साठने पळते तेव्हा समोरून वारा आपोआप जाळीत शिरतो, पंखा मंद असला तरी भागतं. जंगलात तो वारा नाही. इंजिन मंद, म्हणून पंखा मंद, आणि मागचं चाक फुफाट्यात.

आता थोडा हिशेब करू. पेट्रोल जळून जेवढी उष्णता होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, तेवढीच सायलेन्सरमधून निघून जाते आणि जवळजवळ तेवढीच पाण्याच्या अंगावर पडते. ही पाण्यातली उष्णता शेवटी हवेलाच द्यायची असते. एक लिटर पाणी एका अंशाने थंड करायचं, तर तेवढ्याच फरकाने तापणारी साडेतीन हजार लिटरहून जास्त हवा जाळीतून ओढावी लागते. पाणी उष्णता भरभरून वाहून आणतं. अडतं ते हवेपाशी.

त्यात ऊन. डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंश आणि रेडिएटर ९० अंश असेल तर फरक ७८ अंशांचा. मेमध्ये हवा ४५ अंश, फरक तेवढाच ४५. रेडिएटर तोच, पंखा तोच, तरी उष्णता टाकायची ताकद निम्म्याहून थोडीच जास्त उरते. म्हणून दिवाळीत बिनतक्रार चालणारी गाडी वैशाखात पाणी मारते. चालकाला वाटतं गाडीत काहीतरी बिघडलं. खरं तर ते हिवाळ्यातही बिघडलेलंच होतं, थंडीने सांभाळून घेतलं होतं एवढंच.

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका ओळखीच्या चालकाची जिप्सी माझ्याकडे आली. मी आधी थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी-सोडणारी झडप, काढून फेकला. आमच्याकडे जवळपास सगळेच तसं करतात. मग दोन ओळींच्या जाळीचा रेडिएटर काढून तीन ओळींचा जाड बसवला. बिल मोठं झालं. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा टोचन होऊन आली. या वेळी हेड गॅस्केट उडालेली होती. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, ते तापून वाकलं होतं. फेसिंगला पाठवलं, सामानाची वाट पाहिली, आणि त्या घरची ऐन कमाईच्या दिवसांतली गाडी तीन आठवडे माझ्या दारात उभी राहिली. ते दिवस मला अजून आठवतात.

मग मी आमच्या गावातल्या रेडिएटरवाल्या चाचांना बोलावलं. आयुष्यभर डाखाचं काम केलेला माणूस. त्यांनी रेडिएटरकडे पाहिलंच नाही. उदबत्ती मागितली. गाडी चालू करायला लावली आणि पेटलेली उदबत्ती जाळीच्या समोर धरली. मधोमध धूर आत ओढला जात होता. कडेला नेली तेव्हा तोच धूर इंजिनच्या बाजूने उलटा पुढे येत होता. चाचा म्हणाले, "हा पंखा तीच तीच गरम हवा पुन्हा पितो आहे. याचं कवच कुठे गेलं?"

कवच म्हणजे पंख्याभोवतीचा श्राउड. रेडिएटर आणि पंखा यांच्यामधला तो गोल घेर. बेल्ट बदलताना हाताला अडतो, म्हणून कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेला असतो आणि तो परत लागत नाही. घेर असला की पंखा संपूर्ण जाळीतून हवा खेचतो. नसला की पात्यांसमोरच्या तेवढ्या गोलातूनच खेचतो आणि उरलेली हवा बाजूंनी घोळत राहते. त्यात माझा नवा तीन ओळींचा रेडिएटर जाड, म्हणजे हवेला आणखी अडथळा. दुबळ्या पंख्यापुढे मी भिंत उभी केली होती. वर गाडीच्या तोंडावर रिसॉर्टच्या नावाची भलीमोठी पाटी आणि चार दिवे. पुढून हवा शिरायला जागाच ठेवली नव्हती.

आम्ही जुन्या बाजारातून श्राउड शोधून आणला. पंख्याची पाती साधारण निम्मी घेराच्या आत आणि निम्मी बाहेर राहतील असा तो बसवला. रेडिएटर आणि पुढच्या पत्र्यामधल्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवल्या. पाटी काढून बाजूला लावली. मग जाळी धुतली, इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे आलेला कचरा आल्या वाटेनेच बाहेर पडतो. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जाळीवर कधी मारू नका, पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. त्या जाळीतून गवताचं कुसळ आणि ताडोबाची लाल माती एवढी निघाली की पाटीभर ढीग झाला.

थर्मोस्टॅट परत बसवला. यावर गॅरेजमध्ये नेहमी वाद होतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. तो साधारण ८२ अंशाला उघडायला लागतो आणि गाडी तापली की पूर्ण उघडाच असतो. म्हणजे चांगला थर्मोस्टॅट उन्हाळ्यात कुणाची वाट अडवत नाही. अडकलेला अडवतो, पण त्यावर इलाज नवा बसवणं हा आहे. कित्येक इंजिनांत तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परत फिरतं. शिवाय थंडीच्या पहाटे इंजिन लवकर तापत नाही, एमपीएफआयच्या संगणकाला इंजिन थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि मायलेज घसरतं. खराब आहे की नाही ते घरीच कळतं. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात सोडा आणि पाणी तापवा. उकळायच्या आत उघडला तर ठीक.

पाण्याचं तर काय सांगू! बोअरचं पाणी सगळीकडे फुकट मिळतं, म्हणून तेच ओतलं जातं. त्याचे क्षार नळ्यांत आतून बसतात, चहाच्या भांड्याला बसतात तसेच. त्या जिप्सीचा वॉटर पंप उघडला तर आतल्या पात्यांच्या कडा गंजाने खाल्लेल्या होत्या. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घाला. कूलंट म्हणजे फक्त थंड प्रदेशात बर्फ होऊ नये म्हणून घालायची वस्तू, हा गैरसमज आहे. त्याने गंज थांबतो आणि उकळबिंदूही वर जातो.

उकळबिंदूवरून झाकणाकडे येतो. रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. जिप्सीच्या झाकणावर ०.९ लिहिलेलं आढळतं. तेवढा दाब झाकणाने धरला तर साधं पाणी शंभरऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की ही अठरा अंशांची सूट संपली. झाकणात दुसरी एक छोटी झडप असते. गाडी निवताना ती बाजूच्या जास्तीच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत आत घेते. ती चिकटली तर सकाळी वरचा होज पाईप चपटा झालेला दिसेल. तसा दिसला तर आधी झाकण बदला. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. माझ्या उजव्या मनगटावर त्याची खूण आहे, मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.

एवढं सगळं केल्यावरही काटा चढत असेल, तेव्हा मोठ्या बदलाकडे वळावं. माझं पहिलं मत विजेच्या पंख्याला. जाळीच्या आतल्या बाजूला बसवलेला, हवा ओढणारा. तो इंजिनच्या फेऱ्यांवर अवलंबून नसतो. गाडी वाघासमोर उभी असताना, इंजिन बंद असतानाही तो फिरू शकतो. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधलं पाणी काही मिनिटं आणखी तापतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. पंख्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवा, तापमानावर चालू होणारा स्विच हवा आणि चालकाच्या हाताशी बंद करायचं बटणही हवं. नाल्यातून पाण्यात गाडी घालायची असेल तेव्हा ते बटण लागतं, कारण पाण्यात फिरणारी पाती वाकून जाळीत घुसतात. बॅटरी आणि अल्टरनेटर आधी तपासून घ्या, जुन्या अल्टरनेटरला हा भार जड जातो.

रेडिएटर बदलायचाच असेल तर मी अजूनही तांब्या-पितळेचा घ्या म्हणतो. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, उष्णताही छान टाकतो. पण त्याची प्लास्टिकची टाकी जंगलाच्या वाटेवर तडकली तर आमच्या भागात ती जोडणारं कुणी नाही. तांब्याला चाचा तासाभरात डाख देतात.

खर्च करण्याआधी हातात धरायचा तापमापक घ्या, किरणांवर चालणारा. गाडी तापलेली असताना आणि ती मंद चालू ठेवून रेडिएटरची वरची टाकी मोजा, मग खालची. दोन्ही जवळजवळ सारख्याच गरम लागल्या तर हवा कमी पडते आहे. वरची भाजते आणि खालची खूपच थंड असेल तर पाणी फिरत नाही. त्या आकड्यांवरून पंखा बघायचा की पंप, हे ठरवता येतं.

आता जंगलात काटा चढला तर काय करायचं. पाणी गळत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलला घेऊन किंचित रेस द्या, पंखा आणि पंप फिरू द्या. हीटर असेल तर पूर्ण उघडा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. पाणी गळत असेल किंवा वाफ येत असेल तर मात्र ताबडतोब बंद करा आणि गाईडला सांगून दुसरी गाडी मागवा. आणि चढलेला काटा अचानक खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी सेन्सरच्या खाली गेलं असेल, तो आता वाफेत लटकतो आहे. हेड त्याच दोन मिनिटांत वाकतं.

चाचांनी उदबत्तीने तपासलेली ती जिप्सी जुलै ते सप्टेंबर मुख्य जंगल बंद असताना माझ्याकडे पुन्हा आली, कूलंट बदलायला. जाता जाता एक विनंती. कूलंट कधीही उघड्या जमिनीवर, ओढ्यात, रस्त्याकडेला सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि जनावराला मारतं. कुत्रा चाटेल, गाय चाटेल, जंगलाकाठी असाल तर आणखी कुणी चाटेल. आम्ही आता गॅरेजमध्ये त्यासाठी झाकणाचा निळा पिंप ठेवला आहे, आणि मोहर्लीकडचे चालक जुनं कूलंट कॅनमध्ये भरून तिथे आणून देतात.