वर्गणीतून जगलेले संगीत : क्यूबाची गोष्ट

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेले व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून)



मी गाण्यातला जाणकार नव्हे. सारी नोकरी बँकेत लेजर आणि कर्जाचे अर्ज पाहण्यात गेली. निवृत्तीनंतर देशोदेशीचे संगीत ऐकू लागलो आणि क्यूबापाशी येऊन अडकलो. देश केवढा, तर लोकसंख्या आपल्या मुंबईपेक्षा कमी. पण रुम्बा, माम्बो, चा-चा-चा सगळे तिथले, आणि सालसाचे मूळही तिथल्या ‘सोन’ या प्रकारात. आता एवढी शिल्लक दिसली की जमा कुठून झाली, हे पाहिल्याशिवाय आम्हा बँकवाल्यांना चैन पडत नाही.

जमेच्या बाजू दोन. स्पेनहून गिटार आली, दहा ओळींची कडवी आली. आफ्रिकेतून ढोल आले, पण ते आणणारी माणसे साखळदंडात होती. १७९१ साली शेजारच्या हैतीत गुलामांनी बंड केले, तिथला साखरेचा धंदा बसला आणि तो क्यूबाकडे वळला. उसाच्या मळ्यांसाठी लाखो आफ्रिकन माणसे तिथे आणली गेली. गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८६ मध्ये.

मंडळी, ज्याच्याकडे स्वतःचे नावसुद्धा राहिले नाही, त्याने संगीत कसे सांभाळले असेल? उत्तर वाचले आणि मी चकितच झालो. त्यांच्या चक्क सोसायट्या होत्या! त्यांना म्हणत ‘काबिल्दो’. योरुबा, कांगो अशा एकेका मुलखाच्या लोकांचा वेगळा काबिल्दो. सभासद वर्गणी काढायचे. त्यातून आजाऱ्याला मदत, मेलेल्याचा दफनविधी, आणि जमेल तेव्हा एखाद्या सभासदाची गुलामीतून सुटका. स्पॅनिश कायद्यात गुलामाची किंमत एकदा ठरवून घेऊन ती हप्त्याहप्त्याने फेडायची सोय होती. मी उभ्या आयुष्यात घराचे हप्ते पाहिले, गाडीचे पाहिले. माणसाने स्वतःच स्वतःला हप्त्यांवर सोडवून घ्यायचे, हे वाचून त्या रात्री झोप आली नाही.

याच काबिल्दोंच्या जागेत ढोल वाजत राहिले. वर ख्रिस्ती संतांचे नाव, आत आफ्रिकेचे देव. गडगडाटाचा देव चांगो याची पूजा सांता बार्बाराच्या नावाने चाले. त्यांचे तीन पवित्र ढोल, त्यांना म्हणतात ‘बाता’. हसू नका, हे ढोल खरोखर बोलतात! योरुबा भाषेत स्वरांच्या चढउताराने अर्थ बदलतो, तो चढउतार ढोलावर काढता येतो. सर्वांत मोठ्या ढोलाचे नाव ‘इया’, म्हणजे आई.

ढोलांवर वेळोवेळी बंदी आली. मग हवाना आणि मातान्सासच्या बंदरांतल्या हमालांनी खारवलेल्या माशांची लाकडी खोकी बडवली. रुम्बा वाढला तो असा. ‘क्लावे’ या दोन लाकडी दांड्याही जहाजबांधणीतल्या खुंट्यांपासून झाल्या, असे मानतात. क्लावे म्हणजे किल्ली. हिचा ताल सोपा आहे, आत्ताच करून पाहा. आपल्या त्रितालासारख्या सोळा मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्या अर्ध्यात दोन. या पाच टाळ्यांभोवती सगळे वाद्यवृंद फिरतात. चुकलात तरी चालेल, मलाही आठ दिवस लागले.

‘सोन’ जन्मला पूर्वेकडच्या डोंगराळ भागात. त्यात तीन जोड तारांची ‘त्रेस’ ही गिटार स्पेनच्या वळणाची आणि बोंगो आफ्रिकेच्या वळणाचा. आधी एकटा गायक कडवे म्हणतो, मग सगळे पालुपद धरतात. १९४०च्या सुमारास आर्सेन्यो रोद्रिगेस या अंध त्रेसवादकाने त्यात मोठा काँगा ढोल, पियानो आणि जादा ट्रंपेट आणले. हा कांगोतून आणलेल्या गुलामांचा वंशज. पूर्वी ज्या ढोलाला प्रतिष्ठित हॉलमध्ये मज्जाव होता, तोच आता बँडच्या मधोमध आला.

‘ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब’ ही रेकॉर्ड तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. हे नाव हवानातल्या एका खऱ्या क्लबचे. गोऱ्यांच्या क्लबात प्रवेश नसलेल्या कृष्णवर्णीयांनी आपापले क्लब काढले होते, त्यातला हा एक. १९५९च्या क्रांतीनंतर नव्या सरकारने वंशावर आधारलेले असे क्लब बंद केले. हेतू समतेचा होता, पण जागा गेली ती गेलीच. वादक पांगले. इब्राहिम फेरेर उतारवयात बूटपॉलिश करून चार पैसे मिळवत होते. १९९६ मध्ये या म्हाताऱ्यांना पुन्हा एकत्र बसवले, तेव्हा कॉम्पाय सेगुंदो ८८ वर्षांचे होते. त्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळाले.

मला यातून एवढेच कळले की संगीताला प्रतिभा लागते हे खरे, पण चार भिंती आणि वर्गणीदारही लागतात. आपला सोसायटी हॉल कायमचा भाड्याने द्यावा, अशी सूचना सभेपुढे आहे. हिशेबाने ती चूक नाही, हे मीच आधी सांगतो. पण आठवड्यातली एक संध्याकाळ तरी आपल्या पोरांच्या तबल्या-पेटीसाठी राखून ठेवा. उत्पन्नात थोडी तूट येईल, ती सोसायटीने सोसावी.